म्हशीनं पाडलेली भिंत

लातूर जिल्हा झाला आणि जो तो बांधकाम काढायला लागला. मी कंधारहून रिकाम्या हातानं आलेला माणूस. औसा रोडवरची माझी वीटभट्टी तेव्हा नुकती नावारूपाला येत होती. त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, टँकर दिसला की बायका घागरी घेऊन धावायच्या.

त्या उन्हाळ्यात एका नव्या कंपाउंडला म्हशीनं अंग घासलं आणि भिंतीचा मोठा तुकडा आडवा झाला. विटा माझ्या होत्या. ती भिंत बांधणाऱ्या गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, मला भर बाजारात गाठलं.

"काय मालक, वीट म्हणून भाकरीचा चुरा दिला काय?"

लोक हसले. ठरलेली दोन गिऱ्हाइकं त्याच संध्याकाळी फिरली. विटेचं नाव गेलं की भट्टी बंद, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या बांधकामावरच्या इंजिनिअर साहेबांना घेऊन तिथं गेलो. गुत्तेदार आणि गवंडी आधीच उभे होते.

मी ढिगातल्या दोन विटा उचलून एकमेकींवर हाणल्या. खणखणीत वाजल्या. नखानं ओरखडलं, रेघ उठेना. मग उभ्या राहिलेल्या भिंतीच्या सांध्यावर अंगठा फिरवला. सिमेंटचा माल रव्यासारखा भुरभुरत खाली आला. साहेबांनी स्वतः अंगठा लावून बघितलं आणि गवंड्याला विचारलं, "विटा भिजवल्या होत्या का?"

"साहेब, प्यायला पाणी न्हाई. विटा कशात भिजवू?"

कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग सिमेंट धरत नाही; नुसती वाळू उरते. वरून भिंत कितीही ठणठणीत दिसो, तिच्या सावलीला कोणी बसू नये.

गुत्तेदार म्हणाला, "मी भिजवूनच मागत होतो. नको कोण म्हणालं?"

मी त्याच्यावर ओरडलो, कारण ते खरं होतं. सौद्यात ती अट त्यानं घातली होती आणि मी भांडून काढायला लावली होती. माझ्या हौदातलं पाणी मला माती कालवायला हवं होतं.

शेवटी मीच म्हणालो, "भिंत परत बांधा, भिजवायला पाणी माझं घ्या. आठ दिवस नव्या विटांची थापणी बंद ठेवतो. पण दोष विटेचा नव्हता, हे बाजारात येऊन बोलायचं."

तो चहाच्या हॉटेलात आला. "वीट बरी हाय," म्हणाला, तेही कपाकडं बघत.

"बरी न्हाई, पक्की. मोठ्यानं म्हणा."

म्हणाला. ऐकायला दहा-बारा जण होते. त्या दिवशी हसायला मात्र अख्खा बाजार होता. हे मी अजून विसरलेलो नाही.

फिरलेल्यांपैकी एक गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी भट्टीवर आलं आणि दर विचारायला लागलं. मी आधी त्यालाच विचारलं, "भिजवायला पाणी आहे का तुमच्याकडं? नसेल तर माझ्या हौदातून भिजवून न्या. कोरडी वीट मी आता देत नाही."