पोचपावतीचा नियम

लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचं टेबल सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पोचपावती म्हणत. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, आतला दिवा गेला, आरशाला तडा गेला, कुठूनही कसलाही मेल आला की मिनिटाच्या आत याचं उत्तर जाई: ‘आपली तक्रार मिळाली. योग्य ती कारवाई होईल.’ कारवाई करणं हे मेकॅनिक लोकांचं काम. मिळाली असं सांगणं हे याचं, आणि त्यावर त्याने उभी नोकरी काढली होती.

त्याची कामाची एक रीत होती. ज्याचं काम बाकी, तो मेल वाचून झाला तरी परत ‘न वाचलेला’ करून ठेवायचा. मग तो यादीत ठळक अक्षरांत उभा राहतो आणि काम संपल्यावरच बसतो. ही रीत पुढे सगळ्या ऑफिसने उचलली. कंपनीने त्याच्याकडून घेतलेली ही एकमेव कल्पना.

यंदा वरच्यांनी सगळे कंप्यूटर लिनक्सवर न्यायचं ठरवलं. काम संगणक विभागातल्या मुलीकडे होतं. वयाने ती त्याच्या मुलीएवढी, पण सगळे पासवर्ड तिच्या हातात असल्यामुळे मॅनेजरसुद्धा तिला ताई म्हणत.

“काका, मेलसाठी तीन प्रोग्राम आहेत. कुठला घालू?”

“जो असेल तो.”

“असं कसं? चप्पलसुद्धा पाय घालून बघतो आपण. दिवसभर तुम्हालाच बसायचंय त्याच्यासमोर.”

तिने तिन्ही दाखवले. थंडरबर्ड साधारण जुन्यासारखाच दिसत होता. इव्होल्यूशनमध्ये मेलबरोबर कॅलेंडर होतं, कामांची यादी होती, म्हणजे माणसाला सुटका नव्हती. तिसरा मट. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं, माउसला विचारतो कोण. ताई स्वतः तो वापरत असे.

“तो काळा घे,” शेजारच्या टेबलावरून रेडिओ म्हणाला. त्याला बंद करायचं बटण नव्हतं म्हणून हे नाव. “लांबून बघणाऱ्याला वाटेल, पोचपावती काहीतरी भयंकर काम करतोय.”

पोचपावतीने एकच प्रश्न विचारला. “वाचलेला मेल न वाचलेला करता येतो ना?”

“तिन्हीत येतो.”

“मग पहिला.”

थंडरबर्डने आधी कंपनीचा सर्व्हर आपला आपण शोधायचा प्रयत्न केला, बराच वेळ गोल गोल फिरला आणि हात टेकले. मग ताईने पत्ता, पोर्ट, पासवर्ड सगळं हाताने भरलं. “आता मेल सर्व्हरवरच राहणार, इथे फक्त दिसणार. उद्या हे यंत्र जळलं तरी मेल शाबूत.”

“बरं,” तो म्हणाला. यंत्र जळण्याबद्दल त्याला काहीच वाटलं नाही.

“आता तुमचे नियम. ते जुन्यातून आपोआप येत नाहीत, बघून करावे लागतील.” ती जुन्या कंप्यूटरवर वाचू लागली. “‘अडकली’ शब्द असेल तर लाल. बरोबर. जाहिराती कचऱ्यात. बरोबर. आणि हा... एका पत्त्यावरून काहीही आलं तर न दाखवता ‘बाजूला’ या फोल्डरमध्ये. काका, हे फोल्डर सर्व्हरवर नाही, या जुन्या डब्यातच आहे. दुपारी डबा पुसून टाकणार. घ्यायचं की जाऊ द्यायचं?”

पत्त्यात आडनाव होतं आणि ते याचंच होतं. ताईने ते वाचलं आणि पडद्याकडे बघत राहिली.

पत्ता मोठ्या भावाचा होता. आई दादाकडे असे, आणि दादा दर आठवड्याला आईच्या तब्येतीचा ऐसपैस मेल लिही. काय खाल्लं, किती झोपली, कुणावर चिडली. तक्रारींच्या खोलीत मोबाईल खणात ठेवायचा असा नियम असल्यामुळे काही वर्षांपूर्वी एक दिवस तातडीचंही त्याने मेलनेच कळवलं. विषय: ‘आई’. पोचपावतीने विषय बघितला. त्याच वेळी एका दवाखान्याची लिफ्ट स्ट्रेचरसकट अडकली होती. त्याने तो मेल न उघडता बाकी असलेल्या कामांत ठेवला, ठळक. संध्याकाळी उघडला. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

“फोन करायला काय झालं होतं तुला?” त्याने दादाला सगळ्यांसमोर विचारलं.

“फोन खणात असतो तुझा. मेलला तू मिनिटात उत्तर देतोस म्हणे. जगाला देतोस.”

कामावर परत आल्याबरोबर त्याने तो नियम करून टाकला. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटेनासा होतो, तसं त्याला तेव्हापासून वाटत होतं, आणि हे इंजेक्शन उतरलंच नाही. बायको स्वयंपाकघराचं दार ओढून वहिनीशी फोनवर बोलायची. तो पेपर वाचायचा. ‘बाजूला’ त्याने कधी उघडलं नाही. आत दादाचे मेल साठत असणार, आधी रागाचे, मग समजुतीचे, मग बहुतेक काकुळतीचे, आणि आपण एकही वाचत नाही, एवढं समाधान त्याला पुरत होतं.

“न्यायचं असेल तर आत किती आहे ते बघावं लागेल,” ताई म्हणाली. “उघडू?”

“हं.”

तिने उघडलं.

“रिकामं आहे, काका.”

“नीट बघ.”

“नियम चालू आहे. पत्ताही बरोबर आहे. पण यात कधी काही आलेलंच नाही.”

दाराला कडी लावून, वर पाठ टेकून पोचपावती इतकी वर्षं उभा होता, आणि पलीकडून कुणी ढकलतच नव्हतं. हे फार लागायला हवं होतं. त्याने वाट पाहिली. गाल काही आपला झाला नाही.

“नव्यात करू हा नियम?”

“नको.”

“बरं, एक टेस्ट मेल पाठवा. कंपनीबाहेर कुणालाही. जातो का बघू.”

“कुणाला पाठवू?”

“जो पत्ता पाठ असेल त्यावर.”

बाहेरचा एकच पत्ता त्याला पाठ होता. नुकताच समोर वाचलेलाही होता. तो त्याने टाकला, विषयात ‘टेस्ट’ लिहिलं आणि खालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसला.

“मजकूर नसला तरी चालतो,” ताई म्हणाली. त्याने पाठवला. “गेला,” असं सांगून ती जुना डबा काखेत मारून रेडिओच्या टेबलाकडे वळली.

दुपारी दोन लिफ्ट बिघडल्या. दोन्ही तक्रारी मिळाल्याचं त्याने कळवलं. मग दादाचा मेल आला. तीनच ओळी.

‘टेस्ट पोचली.
मजकूर राहिलाय.
दादा’

त्याची बोटं सवयीने चालू लागली. ‘आपली तक्रार’ इथपर्यंत उमटल्यावर त्याने ते खोडलं. मग मेल बंद करून त्याला ‘न वाचलेला’ केलं. नव्या प्रोग्राममध्ये तो पर्याय उजव्या क्लिकखाली होता. ओळ ठळक झाली.

ऑफिस सुटलं. रेडिओने जेवणाचा डबा पिशवीत घातला. “चल रे, पोचपावती. पुसतील तुलाही.”

“तू हो पुढे. एक बाकी आहे.”

“उद्या कर की.”

“नाही,” पोचपावती म्हणाला. काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं आणि अजूनही फारसं काही वाटत नव्हतं. त्याने खण ओढला आणि फोन बाहेर काढला.