देवघरातला दीड तास

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. खरं सांगायचं तर एवढंच कारण आहे.

आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. भाजीचा मळा, घरात सासूबाई, आम्ही दोघी जावा आणि आमची माणसं. धाकटी जाऊ इंदू. सातवी पास होऊन आलेली, आणि बोलणं तिचं असं की भांडायला आलेलं माणूस चहा पिऊन जाई. मी मोठी, मला ती ताई म्हणे.

गावात मी देवभोळी, पुण्यवान बाई म्हणून ओळखली जाते. अजूनही वाटेत बाया वाकून नमस्कार करतात. मला हसू येतं—आणि मग येत नाही.

त्याचं असं झालं. तिशी नुकतीच लागली होती, तेव्हा सकाळी माझे हात मिटेनासे झाले. बोटं सुजलेली, गुडघे धरलेले. तांब्या उचलायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. आणि थकवा असा, की रात्रभर झोपून उठावं नि वाटावं, आताच दोन एकर निंदून आले. पण नऊ वाजले की अंग हळूहळू सुटायचं. दुपारी मी मिरच्या तोडायला सगळ्यांबरोबर. आता सांगा, उन्हं वर आली की जे निघून जातं, त्या दुखण्याला दुखणं कोण म्हणेल? कामाची वेळ सरली की बरी होणारी सून—हे सासूबाईंच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी पूजा वाढवली. देवघराचं दार लोटून घ्यायचं, ते दीड तास उघडायचं नाही. देवांच्या आंघोळीला ऊन पाणीच लागतं, असं मी ठरवून टाकलं. आमचे देव भर वैशाखातही कढत पाण्यानं न्हात. त्या पाण्यात मी हात बुडवून बसे. मग जपमाळ—एकेक मणी सरकवताना बोटं मोकळी होत. नाव घेत होते का? कधी कधी. बहुतेक वेळा 'आई गं' म्हणत होते.

आणि त्या दीड तासात बाहेर शेण, पाणी, दळण, भाकरी—सगळं इंदू. पाणी तापवून दाराशी ठेवणारीही तीच. कधी कुरकुर नाही. "ताई आमच्या घरासाठी बसतात," असं ती शेजारणींना सांगे. मी आतून ऐके. गोड वाटायचं, लपवून काय करू?

इथपर्यंतही चाललं असतं. चाललं असतं का? निदान मी मनाला समजावलं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. गावात मुलींची शाळा निघाली, शिकवायला बाई पाहिजे होती. सातवी पास बाई गावात एकच—इंदू. सरपंच घरी येऊन बोलून गेले. तिचा नवरा तयार. सासूबाई गप्प राहिल्या, म्हणजे त्याही तयार. अडचण एवढीच, की शाळा सकाळची होती.

इंदू माझ्याकडे आली. चेहरा असा उजळलेला, की तसा तो मी पुन्हा पाहिला नाही. म्हणाली, "ताई, तुमची पूजा उलीशी उशिरा झाली तं चालन काय? नऊनंतर? सकाळचं तेवढं तुम्ही पाह्यलं असतं तं…"

मी खरं सांगू शकत होते. इंदू, सकाळी माझे हात चालत नाहीत—एवढंच म्हणायचं होतं. सकाळपुरती एखादी बाई लावता आली असती, दुपारनंतरचं सगळं मी घेतलं असतं, ते मला जमत होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आज सुचलेलं नाही. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "संकल्प केला हाये मी. वेळ मोडली तं घराले बाधन."

तिनं कडेवरच्या लेकीकडे पाहिलं आणि "हाव" म्हणाली. बस.

मग बीबी गावाकडची एक बाई त्या शाळेवर शिकवायला आली. रोज सकाळी हजेरीपट घेऊन आमच्या अंगणावरून जायची. इंदू त्याच वेळी सडा घालत असे. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

पुढं सहा-सात वर्षांनी माझी बोटं वाकडी व्हायला लागली, लपेनात. चिखलीला डॉक्टरकडे नेलं ते इंदूनंच. डॉक्टर म्हणाले, हा सांध्यांचा वात, जुना आहे. गोळ्या घ्या, पण खाट धरू नका. थोडं काम, थोडा विसावा, पुन्हा थोडं काम. आणि सकाळी ऊन पाण्यात हात धरत जा. मी मान डोलावली, जशी काही पहिल्यांदाच ऐकत होते.

तेव्हापासून बरं चाललंय, खोटं कशाला बोलू? मी मेथीचे दोन वाफे खुडते, बांधावर टेकते, अंग हो म्हणालं तर आणखी एक वाफा. थकवा आला की त्याच्याशी भांडत नाही, बसून घेते. जुड्या इंदू बांधते, कारण गाठ मला मारता येत नाही. दोघी खूप हसतो. कोणी विचारलं तर मी सुखी आहे म्हणेन, आणि ते खरं आहे.

पण डॉक्टरकडून परत येतानाचं राहिलं. शाळेची गोष्ट वाईट, पण ही—हिला काय म्हणू?

एसटी स्टँडच्या बाकावर इंदू एकदम रडायला लागली. माझी वाकडी बोटं दोन्ही हातांत धरून म्हणाली, "गार भुईवर दीड-दीड तास बसत होत्या तुम्ही आमच्यासाठी. त्यानंच झालं हे. मी काऊन नाही उठवलं तुम्हाले?"

गाडीला वेळ होता. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ कोणती असते? तोंड उघडलंही होतं मी.

"मले माफ करा, ताई," ती म्हणाली.

आणि मी तिला माफ केलं.