परदेशी शो, आपला शो आणि अप्पांचे तीस सेकंद

परवा रविवारी दुपारी मी अप्पांना यूट्यूबवर एक परदेशी गेम शो दाखवला. झक मारली आणि दाखवला, असं आता वाटतंय...

चार पर्यायांतून उत्तर निवडायचं, अडलं तर ओळखीच्या माणसाला फोन करायचा, तो शो. आपल्याकडे कन्नडमध्ये येतो, पण मूळचा इंग्रजांचा. अप्पा भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, म्हैसुरातल्या अग्रहार भागातल्या घरात दिवसभर गप्प बसून असतात. म्हटलं, मूळ शो कसा असतो ते तरी बघतील.

खरं तर आमच्या घरी या शोचं नाव काढायचं नाही, असा न सांगितलेला नियम आहे. मीच तो मोडला.

चार वर्षांपूर्वी माझा दादा कन्नड शोमध्ये गेला होता. आई गेल्यावर अप्पा त्याच्याकडे बेंगळूरुला राहायला गेले नाहीत, म्हणून तो रुसलेला... सहा महिने फोन नाही. तरी मदतीच्या फोनसाठी नाव दिलं ते अप्पांचंच. अप्पा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसले होते. फोनवर शर्ट कोणाला दिसणार, पण नाही.

प्रश्न होता, यातली कुठली नदी कावेरीला डाव्या तीरावर मिळते? अप्पांचा जन्म कृष्णराजनगरचा, कावेरीकाठचा. झोपेतही सांगितलं असतं. पण दादाचा आवाज आला, तीस सेकंदांचं घड्याळ सुरू झालं, आणि अप्पांनी विचारलं, "ऊट आयता? जेवलास का रे? आवाज का असा बसलाय?"

इथं म्हैसुरात फोनवर आधी जेवणाचं विचारतात, मग कामाचं. त्यात सहा महिन्यांनी ऐकलेला मुलाचा आवाज... दादाने घाईघाईने प्रश्न वाचला, चार नद्या वाचल्या. अप्पा "हे..." म्हणाले आणि लाइन कट. दादाने अंदाजाने भलतीच नदी सांगितली आणि खेळातून बाहेर पडला.

त्यानंतर अप्पा भाजीला निघाले की कोणीतरी हसून विचारायचं, "मेष्ट्रे, ऊट आयता?" म्हणजे मास्तर, जेवण झालं का? सुम्ने, उगीच चेष्टा हो, कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण अप्पांनी बाहेर पडणंच सोडलं. दादाचा दिवाळीला दोन ओळींचा मेसेज येतो, तोही मला.

तर परवा तो मूळचा शो बघताना मी चाटच पडले. रडारड नाही, गावाकडचं घर दाखवणं नाही. आपल्याकडे आधी घरच्या सगळ्यांची चौकशी होते, मग कुठे प्रश्न येतो. तिकडे एका बाईने नवऱ्याला फोन लावला. ना कशी आहेस, ना काही... प्रश्न, पर्याय, उत्तर. वर काही सेकंद उरले.

मला ते फार कोरडं वाटलं, घरी आलेल्याला पाणीही न विचारल्यासारखं. अप्पा मात्र म्हणाले, "परत लाव." तेवढाच भाग तीनदा पाहिला. ते भराभर इंग्रजी त्यांना किती कळलं माहीत नाही, नजर घड्याळावरच होती.

मग त्यांनी माझ्याकडून दादाला फोन लावून घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा. दादाने उचलला, आणि तो काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "हेमावती. पर्याय दोन. नक्की." लगेच फोन ठेवून दिला.

दादाचा उलट फोन आला नाही.

संध्याकाळी अप्पा ताटावर बसले, दोन घास खाल्ले आणि थांबले. "उत्तर वेळेत सांगितलं गं... पण तो जेवला का, ते विचारायचं राहिलं." ताट तसंच बाजूला सारलं. मला दादाचा राग आला, यूट्यूबचा आला, स्वतःचा तर फारच आला.

दादा, तू माझ्या पोस्ट लाइक करत नाहीस, पण वाचतोस हे मला ठाऊक आहे. अप्पांना उत्तर येत होतं रे, तेव्हाही. एकदा फोन कर आणि जेवलास का ते त्यांना सांग, तीस सेकंद पुरतील. दुपारी एकच्या सुमारास कर... आणि जमलं तर त्यांनाही विचार. परवापासून ते नीट जेवलेले नाहीत.