पाण्याचं ऐकायला गेले होते

"ओरडू नका मावशी. पेशंट ओरडत नसतो."

डॉक्टर असं म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. मी टेबलावर उताणी पडले होते. डॉक्टरांनी मूठ वळली होती आणि मुठीची हाडं माझ्या छातीच्या मधल्या हाडावर रगडत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पदर सरकला होता, पण तो वर घ्यायला हात हलवायचा नाही असं मला आधीच बजावलेलं. डॉक्टरांनी मूठ काढली, समोरच्यांकडे वळले. "बेशुद्ध पेशंटला असं दुखवायचं आणि रिस्पॉन्स बघायचा. आता तुम्ही ट्राय करा. एकेक जण या."

मग रांग लागली.

वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी आया आहे. लकव्याच्या पेशंटला कसं सांभाळायचं, याचं नर्स आणि डॉक्टरांसाठी प्रशिक्षण होतं. वरच्या मजल्यावरचा हॉल, गारेगार एसी, प्रत्येकाला फाइल, शेवटी सर्टिफिकेट. शिकायला रबरी बाहुला येणार होता, तो आलाच नाही. त्याच्या जागी मला झोपवलं.

पहिली आली ती कोवळी नर्स. तिने नुसता हात टेकवला. डॉक्टर म्हणाले, "जोरात दाबा. यांना सवय असते." दुसऱ्याने जोरात दाबलं. तिसऱ्याने त्याहून जोरात. त्याला बहुतेक मजा वाटत होती. मधेच एकाने माझा हात उचलून वरून सोडून दिला. बेशुद्ध माणसाचा हात कसा पडतो ते बघायचं होतं म्हणे. माझाच हात माझ्या तोंडावर आपटला. दात ओठात रुतला. रक्ताची चव जिभेवर आली. रोज दुपारी माझ्या डब्यातलं सुकटीचं कालवण मागून खाणारी सिस्टर पुढच्याच रांगेत होती. तिने फाइल उघडली आणि वाचत बसली.

तुम्ही विचाराल, मी उठून का गेले नाही? मला पाण्याचं ऐकायचं होतं.

काही महिन्यांपूर्वी आमच्या वॉर्डात सांडोर गावचे एक बाबा आले होते. केळीच्या वाडीत काम करता करता पडले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ. बाबा माझ्याकडे बघून ओठ हलवत होते. "पानी." एवढंच कळलं. माझं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात. आमच्यात तहानलेल्याला नाही म्हणत नाहीत, वैरी असला तरी. मी बाबांची मान जरा उचलली आणि ग्लास तोंडाला लावला. ते घटाघटा प्यायले असं मला वाटलं. मग ठसका लागला. ठसका थांबेना. चेहरा काळानिळा झाला. पाणी पोटात न जाता फुप्फुसात गेलं होतं. त्याचा न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी बाबा गेले.

मुलगा वॉर्डातून तरातरा चालत आला आणि त्याने माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. मी भिंतीवर आदळले. त्याने दुसरी मारली. आमच्या मेट्रन मॅडम, म्हणजे सगळ्या नर्सांच्या वरच्या बाई, हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरला नाही. म्हणाल्या, "अडाणी बायका. यांना काय कळतं!" नंतर कपडे बदलायच्या खोलीत माझ्या डब्यातलं खाणाऱ्या त्या सिस्टरने मला हळूच सांगितलं, "मावशी, केसपेपरवर लिहिलेलं होतं. तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून. डॉक्टरांनी लिहिलं, मी वाचलं, मॅडमनी सही केली." मी विचारलं, "मंग मला का नाय सांगितलं?" ती कपाट लावून निघून गेली. केसपेपर इंग्रजीत असतो. आणि आयांनी त्याला हात लावायचा नसतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. पण मी काही संन्यासी नव्हते. पाणी माझ्याच हाताने गेलं. तेव्हापासून कुणाच्याही तोंडाशी ग्लास धरायच्या आधी मी दोनदा विचारते, देऊ ना म्हणून. सासरी आचोळ्याला, घरात नवऱ्याला पाणी देतानासुद्धा.

म्हणून प्रशिक्षणाची नोटीस लागली तेव्हा मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, मी पन बसू का मागं? पान्याचं ऐकायचंय मला." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या की. तुमची गरजच आहे." मला केवढा आनंद झाला! मुलीला सांगितलं, तुझी आई शिकायला चालली. गरज कशाची होती ते टेबलावर झोपल्यावर कळलं.

तर रांग संपली. माझ्या छातीवरून सात जण शिकून गेले. मग डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बदललं. "आता सगळ्यात इम्पॉर्टंट. गिळण्याची तपासणी. लकव्याच्या पेशंटला पाणी कधी आणि कसं द्यायचं."

मी उठून बसले. पदर नीट केला. मॅडम लगेच जवळ आल्या. "चला मावशी, झालं तुमचं. खाली चहाचं बघा."

"नाय. मला ह्ये ऐकायचंय."

डॉक्टर हसले. "मावशी, हे तुमच्यासाठी नाही. टेक्निकल आहे."

मॅडमनी माझा दंड धरला. नखं रुतली. त्यांनी हिसका दिला आणि मी टेबलावरून गुडघ्यावर पडले. परत कुणीतरी हसलं. बस्स. माझ्या अंगात काय शिरलं मला माहीत नाही. मी उठले आणि दोन्ही हातांनी मॅडमना ढकललं. त्या खुर्च्यांवर जाऊन पडल्या. शेजारचं टेबल कलंडलं, काचेचे ग्लास फुटले. सगळे उभे राहिले. कुणी सिक्युरिटीला हाका मारायला लागलं. मॅडम परत माझ्या अंगावर आल्या तेव्हा मी म्हटलं, "हात लावशील तर हात मोडीन." मॅडमना आयुष्यात पहिल्यांदा मी अगं-तुगं केलं.

मग मी हॉलकडे वळले. ओठातून रक्त येतच होतं. "वॉर्डात पेशंटला पानी कोन पाजतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मी पाजते. सांडोरचा बाबा माझ्या हातून मेला. तुमी माझ्या छातीवर शिकलात ना? आता मला शिकवा."

डॉक्टरांनी शिकवलं. माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत, भराभरा. लकव्याच्या पेशंटला आल्या आल्या थेंबभरही पाणी द्यायचं नाही. तो पूर्ण जागा हवा. ताठ बसवायचा. आधी सिस्टरने किंवा डॉक्टरने चमच्या-चमच्याने पाणी देऊन बघायचं. ठसका लागला, आवाज घोगरा, ओला झाला, की तिथेच थांबायचं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढंच होतं! एवढ्यासाठी एक माणूस गेला आणि मी भिंतीवर आदळले. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा इतका राग आला, की हाताशी असेल ते भिरकावावं असं वाटलं. मी भिरकावलं नाही. ऐकून घेतलं आणि मगच खाली उतरले.

रात्री छाती काळीनिळी पडली. मुलगी हळद लावताना रडत होती. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी हातात कागद मिळाला. मारहाण आणि गैरवर्तन केल्याबद्दल लेखी माफी द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

माफी मी लिहून देणार नाही. नोकरी जाणार हे मला दिसतंय. जाऊ दे. काल, कागद मिळाला त्याच दिवशी, सगळ्या आयांना खोलीत बसवून मी पाण्याचं सांगितलं, एकेकीकडून म्हणून घेतलं. ते आता कुणाच्या बापाला परत काढून घेता येणार नाही.

माफी मला मागायची आहे, पण ती सांडोरला. रविवारी त्या बाबांच्या घरी जाणार आहे. मुलासमोर उभी राहीन आणि सांगेन, पाणी मी दिलं. मग केसपेपरचंही सांगेन. कुणी लिहिलं होतं, कुणी वाचलं होतं, कुणाची सही होती, नावानिशी. हात कुणावर उचलायचा ते मग त्याने ठरवावं.