बोंबलाच्या जाळीवरचा अननस

पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या ओळीत शांती तिसरी बसते. तीस वर्षं झाली, जागा तीच आणि नियमही तोच. तिच्या पाटीतला बोंबील गिऱ्हाइकाने नाकाला लावायचा नाही. वास शांती घेणार, आणि ती ‘घे’ म्हणाली की समोरच्याने मुकाट पिशवी उघडायची. एखादी नवखी बाई ‘नक्की ना?’ असं विचारून बसली, तर शांती पाटीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, “बाय, पुढच्या पाटीवर जा.” उद्धटपणाच होता, पण खपून जायचा, कारण नाक खरंच तसं होतं. सोड्यांना, म्हणजे सुक्या कोलंबीला, ओल लागलीय का, जवळा जुना आहे का, हे ती टेम्पोतून माल उतरायच्या आत सांगायची. नवरा कमळाकर चिडवायचा की आपल्या घराला मांजराची गरज नाही.

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर तिने दोन गोष्टी हट्टाने सोबत आणल्या: भाजायच्या दोन जाळ्या. दोन्ही एकाच लोहाराच्या, एकाच तारेच्या, जळून जळून सारख्याच काळ्या झालेल्या. एक बोंबलाची आणि एक उपवासाची, म्हणजे रताळी भाजायची. दोन्ही गॅलरीत एकाच खिळ्याला टांगलेल्या. सून प्रांजल लग्न होऊन आली तेव्हा बिचारी म्हणाली होती, “आई, एकीला लाल धागा बांधू या का?” त्यावर शांती इतकी हसली होती की प्रांजलने पुन्हा विषय काढला नाही. “धागा कशाला? नाक हाय ना!”

तर तो श्रावणातला सोमवार होता. घरात सगळ्यांचा उपवास. मुलगा परेश द्रोणागिरीच्या गोदामात कामाला आहे, त्याने आदल्या दिवशी येताना दोन पिकलेले अननस आणले होते. प्रांजलने फोनवर कुठेतरी भाजलेला अननस पाहिला होता आणि सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. शांतीला हे खूळ वाटलं. अननस काय वांगं आहे भाजायला? पण सुनेने साल काढून, डोळे तिरके कोरून, मधला दांडा काढून बोटभर जाड चकत्या केल्या, त्यांना गूळ, सैंधव आणि लाल तिखट चोळलं, तेव्हा शांतीला राहवेना.

“सर तिकडं. भाजायचं काम माझं. तू खाली जाऊन कपडे बघ, पाऊस येतोय.”

प्रांजल गच्चीवर पळाली, कारण कपडे खाली नव्हते, वर होते. सासूला एवढंही ध्यानात नसतं हे तिला सवयीचं होतं. शांतीने खिळ्यावरची जाळी काढली, रिवाजाप्रमाणे नाकाजवळ नेली, पदराने पुसली आणि गॅसवर ठेवली. चकत्या मांडल्या. रस खाली गळून बर्नर चुरचुरायला लागला, गूळ वितळून कडा तांबूस झाल्या, तारांचे काळे पट्टे उठले. चिमट्याने एकेक उलटताना शांती खूश होती. दिसायला तर झकास दिसत होतं.

आधी कमळाकर आला. आतल्या खोलीतून उठून दारात उभा राहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “सोमवारचा बोंबील कोन भाजतंय गो?”

“डोळं फुटलं काय? अननस हाय.”

तेवढ्यात प्रांजल कपड्यांचा ढीग घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. “आई! अहो, जिन्यापर्यंत वास येतोय. आज उपवास आहे ना?”

“कसला वास?”

प्रांजलने कपडे खुर्चीवर टाकले, गॅस बंद केला आणि एक चकती चिमट्याने उचलून सासूच्या नाकाशी धरली. शांतीने वास घेतला. मग जोरात घेतला. वाफ नाकात गेली, गरम लागली, बस. ना अननस, ना गूळ, ना बोंबील. तिने चकतीचा तुकडा तोंडात टाकला. गोड लागलं, तिखट लागलं, थोडं आंबट लागलं. बोंबील कुठेच नव्हता.

तिने गॅलरीत जाऊन दुसरी जाळी काढली आणि हुंगली. काही नाही. मसाल्याचा डबा उघडला. काही नाही. देवापुढची उदबत्ती नाकाखाली धरली, धुराने डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. शेवटी तिने सुक्या मासळीचं घट्ट झाकणाचं पिंप उघडलं. ते उघडलं की शेजारचे खिडक्या लावून घेतात. शांतीने त्यात जवळजवळ तोंड घातलं आणि तशीच ओणवी राहिली.

“आवं,” ती कमळाकरला म्हणाली, “यात काय हाय का नाय?”

त्याने तिला हाताला धरून खाली बसवलं.

जानेवारीत तिला आठ दिवस ताप आला होता. नंतर नाक चोंदल्यासारखं वाटायचं, ते तिने सर्दीवर ढकललं होतं. तेव्हापासून ती रोज माल नाकाला लावत होती आणि ‘घे’ म्हणत होती. डोळ्यांनी बघायची, बोटांनी चाचपायची, आणि नाकाने कळलं असं समजायची. आणि तेव्हापासूनच ती सुनेला टाकून बोलत होती की तुझ्या कालवणाला चवच नाय. हे आठवलं आणि तिने प्रांजलकडे पाहिलं. प्रांजलने मान खाली घातली.

मग शांतीला हाजरा आठवली. हाजरा तिची तीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक आणि मैत्रीण. तिचा मुलगा तौसीफ कतारला नोकरीला, बुधवारी परत निघणार होता. त्याच्यासाठी आठ दिवसांपूर्वी शांतीनेच सोडे निवडून दिले होते. पोरगं परदेशात एकटं. तिथे जाऊन ते खाणार आणि आजारी पडणार.

कमळाकर नको म्हणत असताना ती रिक्षात बसली. हाजराच्या दारात चपला काढायच्या आतच तिने सांगून टाकलं, “हाजरा, ते सोडं देऊ नको पोराला. माझं नाक गेलंय. मला आजच कललं.”

हाजरा तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पण ती दचकली नाही. शांतीला ते दिसलं.

“बस, शांते. पाणी पी.”

“तुला ठाव व्हतं?”

“रमजानपासून,” हाजरा हळूच म्हणाली. “तू जवळा नाकाला लावलास आणि ‘घे, ताजा हाय’ म्हणालीस. अल्ला कसम, मला उभ्या जागी मळमळलं. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले.”

“मग बोलली का नाय?”

“काय बोलू? तुझ्याच पाटीवर उभं राहून, चार बायकांसमोर?” हाजराने ओढणीने तोंड पुसलं. “तेव्हापासून मी ओढणीआडून वास घेते. बिघडलेलं असलं की म्हणते, हे नको, ते दे. तौसीफचे सोडे घरी येऊन निवडले. खराब होते ते टाकले. चांगले बांधलेत.”

हे नको, ते दे. या चिकित्सेवरून तिने गेले सहा महिने हाजराला किती बोल लावले होते! म्हातारपणी तुझं टकुरं फिरलंय, असंसुद्धा भर बाजारात म्हणाली होती, आणि हाजरा हसून ऐकून घेत होती. शांतीला रडू आलं. हाजराने तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांती पाटीवर आली. पहिली आली ती दमयंती, विचुंब्याहून येणारी जुनी गिऱ्हाईक, नियम पाठ असलेली. तिने पिशवी उघडूनच धरली. शांतीने मूठभर बोंबील उचलले, हात सवयीने नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने ते बोंबील दमयंतीपुढे धरले.

“वास घेऊन बघ.”

“नको गो बाय, तुझ्या शब्दावर नेते की.”

“माझ्या शब्दावर नको. माझं नाक गेलंय,” शांती म्हणाली, आणि ते तिने हळू आवाजात म्हटलं नाही. शेजारच्या दोन्ही पाट्यांवरची बोलणी थांबली. दमयंतीने भीत भीत बोंबील नाकाशी नेले. शांती टक लावून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“चांगलं हाईत,” दमयंती म्हणाली.

“नक्की ना?” शांतीने विचारलं.