रुमालाखालचा ताप

आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा कळवतात. बोटं धरून मान हलली की सौदा पक्का. मग तो फिरवायचा नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट आहे. वरवंडला मी थोरल्या चुलतभावाबरोबर भागीत मेंढरांचा व्यापार करत होतो. उन्हातान्हात फिरून जनावरं मी शोधायची आणि गादीवर बसून नाव त्यानं मिळवायचं. एका ईदेनंतर त्यानं चारचौघांत मला सांगितलं, "आता तुझं तू बघ." तो राग अजून माझ्या पोटात आहे. कमी झाला असं मी म्हणणार नाही.

कवठे येमाईकडचे एक धनगर दर साली उन्हाळ्याच्या अखेरीला कोकणातून मेंढरं घेऊन वर येत. घाट चढून आलं की त्यांचा वाडा, म्हणजे बायामाणसं, घोडी, कुत्री असा सगळा तळ, उंच पठारावर विसाव्याला थांबे. त्यांच्या मेंढ्यांना बकरी ईदेला तोड नसे. पठाराखालच्या गावात चुलतभाऊ खाट टाकून त्यांची वाट बघत बसे. मी ठरवलं, यंदा आपण वर जाऊनच पहिला हात घालायचा.

अंगात मात्र हिवताप होता. एक दिवसाआड हुडहुडी भरायची. दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी कान वाजायचे, म्हणून मी त्या बंद केल्या होत्या. बायकोला सांगितलं, ताप गेला. मोकळा दिवस हिशेबानं धरून निघालो. सोबत वडलांच्या वेळचे दलाल होते. त्यांना मी चाचा म्हणायचो. साठी उलटलेली, गुडघे धरलेले. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही.

शिरूरहून एस.टी.नं पायथ्याला उतरलो आणि चुलतभावाची खाट टाळून मागच्या वाटेनं चढायला लागलो. निम्म्या चढावर दात वाजायला लागले. ताप माझ्या हिशेबानं चालत नव्हता. वाटेला करवंदं पिकली होती. चाचांनी ओंजळभर पुढं केली. वासानंच मला ओकारी आली.

"तोंड बघ तुझं. राख फासल्यावानी झालंय," चाचा म्हणाले. "माघारी फिरू."

"तुमचे गुडघे दुखत असतील तर तुम्ही फिरा."

"गोळी घेतली का?"

"कान वाजतात. सौद्यात ऐकू यायला नको?"

"आरं, सौदा मुका आन् तुला कान कशाला पायजेत?"

मी ओरडलो, की धंदा मला शिकवू नका. माझं गाठोडं चाचांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि पुढं झाले. ते एक पाऊल टाकून थांबत होते, दुसरं टाकून थांबत होते. मला वाटलं गुडघ्यांमुळं. नंतर कळलं, मला दम खायला वेळ मिळावा म्हणून.

वाड्यावर पोचलो तेव्हा आबा, म्हणजे ते धनगर, कोकरांना घोड्यावरच्या झोळीतून खाली काढत होते. नुकती जन्मलेली कोकरं चालू शकत नाहीत, ती घोड्यावरून जातात. त्यांच्या बायकोनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मी पाणीही प्यायलो नाही. म्हणालो, "आबा, आधी मेंढं दावा."

मेंढे बघून मी रुमाल टाकला. आबांनी खाली हात घातला. बोटं धरली नाहीत. मनगट धरलं आणि तसेच बसून राहिले.

"पावणं, हात इस्तवावानी हाय. ह्या हाताशी मी सौदा करत न्हाई."

"मी शुद्धीवर हाय!"

"व्हय, म्हणून तर वरडताय. उद्या उतरल्यावर म्हणाल, धनगरानं तापात लुटलं."

"पण पहिला हात माझा. खाली माझा भाऊ बसलाय."

"बसू द्या. खाटंला काय, बसणारा लागतोयच," आबा म्हणाले.

चाचा हसले. मी रागानं उठायला गेलो आणि तिथंच कोसळलो.

वाडा सकाळी उतरायचा होता, कारण पठारावरचं टाकं आटत आलं होतं. मला सोडून जाणं आबांना पटेना आणि चालवणं शक्य नव्हतं. त्यांनी घोड्यावरची झोळी सोडली आणि कोकरांच्या जागी मला बसवलं. कोकरं बायकांनी पदरात घेतली. मामींनी, आबांच्या बायकोनं, दोन उचलली होती. मी घोंगडीत कुडकुडत वरून बघत होतो. उतारावर मामींचा पाय घसरला. त्या बसल्या, उठल्या, परत चालायला लागल्या. दोनातलं एक कोकरू खाली पोचेपर्यंत गेलं. वाटेच्या कडेला त्यांनी ते दगडाखाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. "थांबा, मी उतरतो," एवढं मी म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द होते. पण घोड्यावर बरं वाटत होतं.

पायथ्याला आलो तेव्हा घाम फुटून ताप उतरला होता. चुलतभाऊ खाटेवरून उठून पुढं आला, खांद्यावर रुमाल घेऊनच. आबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"पावणं वर आलं हुतं. पहिला हात त्यांचा," ते म्हणाले आणि माझ्यापुढं बसले.

रुमालाखाली आबांनी त्यांचा भाव सांगितला. चढाच होता, सुरुवातीचा भाव तसाच असतो. मी आयुष्यात पहिल्यांदा काही न कापता तीच बोटं घट्ट धरली. आबांनी मान हलवली नाही. त्यांचा हात सरकून माझ्या मनगटावर आला.

"ताप हाय का आजून?" ते हसून म्हणाले. मग हळू आवाजात, "कोकराचं पैसं मेंढ्यात घालू नका, पावणं. नीट सौदा करा."

चुलतभाऊ बघत होता. मी बोटं सोडली आणि नेहमीसारखी ओढाताण सुरू केली. हात सवयीनं चालला. आबांना मी बरंच खाली आणलं आणि सौदा पक्का झाला. चुलतभावाचं तोंड पडलेलं बघून मला आनंदही झाला, हे लपवत नाही.

मेंढे हाकताना मागं वळून बघितलं. चाचा दगडावर बसून गुडघे चोळत होते. मामी हातातलं उरलेलं कोकरू घोड्यावर परत बांधलेल्या झोळीत ठेवत होत्या, जिथं सकाळपासून मी बसलो होतो.