पडद्यावर न आलेल्या म्हशी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी नोकरी करते. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण खरं काम एकच. कुणाच्या स्लाइडवरचा फोटो गायब झाला, अक्षरांच्या जागी चौकोन आले, मजकूर खाली ओघळून पानाबाहेर गेला, की सगळे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. मी आधी चार शब्द सुनावते आणि मगच दुरुस्त करते. न सुनावता केलं, तर लोकांना ते काम सोपं वाटतं.

घरी मात्र ह्या विद्येला कुणी विचारत नव्हतं. गडमुडशिंगीच्या पुढं आमचं गाव. घरात आत्या, म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आत्या गावातल्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन. मी दिवसभर पडद्यावर चित्रं दाखवते आणि त्याचा पगार घेते, हे त्यांना पटलेलंच नव्हतं. "दावून झाल्यावर पुढं काय करतीस?" असं त्या मला लग्नानंतर कितीतरी दिवस विचारायच्या.

संस्थेचं दुखणं उन्हाळ्यातलं. संध्याकाळचं दूध न्यायला टेम्पो उशिरा यायचा, दूध संघात पोचेपर्यंत आंबायचं आणि कॅन तसेच परत यायचे. जिचं दूध परत आलं ती बाई सकाळी आमच्या दारात हजर. गावात दूध गार ठेवायची मोठी टाकी, म्हणजे बल्क कूलर आला की हा प्रश्नच मिटणार होता. म्हणून निवडून आल्या दिवशी आत्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "टाकी ईस्तोवर मी चेअरमनच्या खुर्चीवर बसणार न्हाय."

आता आत्या बोलल्या म्हणजे बोलल्या. डेअरीत टर्किश टॉवेल घातलेली फिरती खुर्ची रिकामी राहिली आणि शेजारी दुधाचा कॅन पालथा घालून आत्या त्यावर बसायला लागल्या. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा उन्हाळा आला. आत्यांची कंबर धरली. रात्री मी तेल चोळून द्यायचे आणि म्हणायचे, "आत्या, उशी तरी घ्या." त्या म्हणायच्या, "उशी घेटली तर खुर्चीच झाली की ती." गावात लोक हसायला लागले होते. आत्यांना ते कळत होतं, आणि मला त्याचा फार राग यायचा.

तेवढ्यात संघाचा निरोप आला. आमच्या भागात एका संस्थेला टाकी द्यायची आहे, तर प्रत्येक संस्थेनं कोल्हापुरात येऊन आपलं काम पडद्यावर दाखवावं. मला वाटलं, आता ह्या घरात माझी पाळी आली. आत्यांना म्हटलं, "मी करते स्लाइड."

"तुझं इंग्रजी ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "आपला फ्लेक्सवाला हाय की. त्येची अक्षरं कशी झ्याक असत्यात."

आमच्याकडं वाढदिवस असो, निवड असो, कुणी नवा बैल आणलेला असो, चौकात फ्लेक्स लागतोच. तो सगळा कारखाना ह्या एका माणसाचा. चाळिशीतला, चेहऱ्यावर कायम समाधान. त्यानं आठवड्यात फाईल करून आणली. मी पहिलं पान उघडलं आणि माझं डोकं फिरलं. आत्यांचा पानभर फोटो, भोवती सोनेरी महिरप, मागं डरकाळी फोडणारी वाघीण, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून सगळ्या संचालिकांचे फोटो ओळीनं.

"टाकी मागायची आहे का वाढदिवस आहे?" मी ओरडले.

"वैनी, शुभेच्छुक काढलं तर मान्सं रुसत्यात," तो शांतपणे म्हणाला. आणि ते खरं होतं. मी शुभेच्छुक काढले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या सभासद बायका डेअरीत जमल्या. त्यांचं म्हणणं, आमचं तोंड नसलं तरी चालेल, पण आमच्या म्हशी पडद्यावर पाहिजेत. एकीची घ्यावी तर दुसरी रागावणार. शेवटी झाडून सगळ्यांच्या म्हशी घ्यायच्या असं ठरलं.

फ्लेक्सवाल्यानं कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्या म्हशींना सारख्या मापाचे चौकोन दिले आणि लांबलचक म्हशी बाजूंनी दाबून त्यात बसवल्या. दाबलेल्या म्हशी अगदी शेळ्यांसारख्या दिसायला लागल्या. एक बाई तर रडकुंडीला आली, "माझी गाभण हाय वो, तिला हडकवली का?" मी आत्यांना माझ्या लॅपटॉपवर दाखवलं, की फोटो कडेनं ओढला तर चेहरा बिघडतो, कोपऱ्याला धरून ओढला तर माप सुटत नाही.

"म्हंजी शिंगाला धरून वडायची," आत्या म्हणाल्या. ऑफिसात दहा साहेबांना जे समजवता आलं नाही ते इथं एका वाक्यात झालं.

मग अक्षरं. त्याची झ्याक अक्षरं माझ्या लॅपटॉपवर आली ती कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं होऊन. आत्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "कानडी हाय काय गं?"

मी म्हटलं, "मराठीच आहे. ही अक्षरं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेली आहेत, आपल्याकडं नाहीत. त्यामुळं इथं ती कळत नाहीत."

"म्हायेरचं बोलणं सासरी कळंना, आसंच की," आत्या म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या. मग मी सगळा मजकूर बसून पुन्हा टाइप केला, मोबाइलवर येतो तसल्या, कुठल्याही मशीनवर तसाच राहणाऱ्या अक्षरांत. आत्यांना भाषण पाठ होईना, म्हणून प्रत्येक चित्राला एकेक वाक्य बांधून दिलं. आंबलेल्या दुधाचा कॅन दिसला की हे बोलायचं, वासरू दिसलं की ते. आत्या धार काढतानासुद्धा पुटपुटायच्या.

सभेच्या आदल्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं म्हणून मी उशिरापर्यंत अडकले. इकडं आत्यांनी पेनड्राइव्ह फ्लेक्सवाल्याच्या हातात दिला. का? तर, "शेवटचा हात त्येचा फिरू दे. न्हायतर रुसंल." सकाळी कोल्हापूरला जाताना मी त्याच्या दुकानात उतरले आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर फाईल बघितली. अक्षरं माझीच होती, फोटो तर माझ्यापेक्षा देखणे. मी म्हटलं, सुधारला बाबा हा.

सभासद बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून दुधाच्याच टेम्पोतून आल्या होत्या, आपापली म्हैस पडद्यावर बघायला. सभागृहात पहिल्या रांगेत संघाची माणसं, मागं ह्या. आमची पाळी आली. आत्या पदर खोचून स्टेजवर चढल्या. मी फाईल उघडली. अक्षरं झकास आली. आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, प्रत्येकात एक लाल फुली.

पुढचं पान. फुल्या. त्याच्या पुढचं पान, जिथं गावातल्या झाडून सगळ्या म्हशी होत्या. तिथं झाडून सगळ्या फुल्या. मी बंद केलं, उघडलं, केबल काढली, घातली, हे सगळं उगाचच, कारण दुखणं काय आहे ते मला दिसताक्षणी कळलं होतं. टेबलाखाली वाकून मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"फोटो हाईत की वैनी! माझ्याकडं हाईत, सगळं शाबूत. दुकानात या, दावतो."

"फाईलमध्ये का नाहीत?"

"फायलीत कशाला कोंबायचं? फाईल फुगती. तुमचं फोटो बारीक व्हतं, म्हून मी मोठं घाटलं. आमच्यात फोटो दुकानात ठेवायचं, फायलीत निस्ता त्येंचा पत्ता."

"मग आता पाठवा सगळं, फोटो फाईलीत घालून!" मी दात-ओठ खात म्हटलं आणि वर बघितलं. आत्या पडद्याकडं बघत उभ्या होत्या. चित्रं नाहीत म्हणजे वाक्यं नाहीत. माइक हातात, ओठ हलतायत, आवाज नाही. इतक्या बोलक्या बाईला मी असं कधी बघितलं नव्हतं. आता आत्या जन्मभर त्या कॅनवरच बसणार, असंच मला वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "चेअरमन, वरच्या वळीतलं दुसरं खोकं माझ्या म्हशीचं न्हवं?"

"तुजं कसलं? माझीचा फोटो आदी काढलाय," दुसरी उठली.

"मग माझी कुठं गेली?" तिसरी. बघता बघता सगळ्या उभ्या, आणि रिकाम्या चौकोनांवरून भांडण. पहिल्या रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली.

आणि आत्यांना आवाज फुटला.

"गप बसा गं! खोक्यापायी भांडाय लागलाय? परवा कॅनभर दूध आंबून म्हागारी आलं तवा कुठं गेलतं तुमचं भांडान? ए, तू सांग की ह्यास्नी, त्या दुदाचं काय केलंस?"

"गटारीत वतलं की," ती बाई म्हणाली. "रडत वतलं."

"आनि तू गं? सांजची धार काडायचीच सोडलीस का न्हाय? सगळं वासराला पाजतीस. का पाजतीस?"

"आंबूनच जातंय, तर पिऊ दे की त्येला."

"आनि तू? म्हस इकतो म्हणून आलतीस का न्हाय माझ्या दारात? मी तुला काय सांगितलं? एक उन्हाळा थांब, टाकी आणतो म्हणालो. आता ह्या पावण्यांस्नी तेवढं सांगायचं सोडून खोकी कसली मोजताय!"

हे सगळं संघाच्या माणसांच्या डोक्यावरून मागच्या बायकांना चाललं होतं. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी हातातला मोबाइल खाली ठेवला होता. मी लिहून दिलेल्या भाषणातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

नेमकी तेव्हाच फ्लेक्सवाल्याची नवी फाईल येऊन पोचली. मी घाईघाईनं उघडली. त्यानं काय पाठवावं? स्वतःची मूळ फाईल. पडद्यावर आत्यांचा चेहरा, प्रोजेक्टरनं आडवा ताणलेला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मागं वाघीण. खाली शुभेच्छुक. आणि अक्षरांच्या जागी कंस, टिंबं, डॉलर. चित्रं आली तर अक्षरं गेली.

"हे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

आत्यांनी वळून बघितलं. "कानडी हाय," त्या ठामपणे म्हणाल्या आणि खाली उतरल्या. सगळं सभागृह हसत होतं.

परतताना टेम्पोत मला रडू येत होतं. आत्या तिथंही एका कॅनवरच बसल्या होत्या. "तुझं काय चुकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "कॅनची सवय झालीया आता मला." त्यांनी ते हसत म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी डेअरीसमोर जीप थांबली. ते मोठे साहेब. "म्हशी पडद्यावर काही दिसल्या नाहीत," ते म्हणाले, "म्हटलं, इथंच येऊन बघाव्यात." बातमी गावभर गेली आणि बायका आपापली म्हैस धुऊन घेऊन आल्या. उभ्या कशा राहिल्या? तर स्लाइडवर होत्या तशा. वरच्या ओळीतल्या पुढं, खालच्या ओळीतल्या मागं, आणि 'दुसऱ्या खोक्या'वरून इथंही भांडण. साहेबांना खुर्ची दिली. ते बसले, शेजारी आत्या कॅनवर बसल्या. साहेबांनी कारण विचारलं आणि आत्यांनी सांगितलं. मग साहेबही उठले आणि टेम्पो येईपर्यंत उभेच राहिले. टेम्पो त्या दिवशी नेहमीपेक्षाही उशिरा आला. एरवी त्या ड्रायव्हरला मी शिव्या घालते, त्या दिवशी चहा पाजला.

टाकी आमच्या गावाला मिळाली. ती आली त्या दिवशी चौकात फ्लेक्स लागणार हे ठरलेलंच होतं. संध्याकाळचं दूध टाकीत पडलं, सकाळी गोड निघालं, आणि मग आत्या डेअरीत जाऊन टर्किश टॉवेलच्या खुर्चीवर बसल्या. बसल्या आणि कमरेला हात लावून डोळे मिटले. खिडकीतून समोरच फ्लेक्स दिसत होता. सगळ्या म्हशी त्यावर नीट मापात होत्या, शिंगाला धरून ओढलेल्या. खाली शुभेच्छुकांची ओळ होती, आणि त्या ओळीत पहिला फोटो माझा होता.

माझ्या लग्नातला फोटो, मुंडावळ्यांसकट. चौकोनात बसवायला आडवा ताणलेला, गाल दोन्हीकडं पसरलेले. हा फोटो आत्यांच्या ट्रंकेत असतो. त्यांनी काढून दिल्याशिवाय तो फ्लेक्सवाल्याकडं जायचा नाही.

"तुजाच तेवढा चपटा आलाय," आत्या डोळे उघडून म्हणाल्या. "सांग त्याला, नीट करून घे."

आयुष्यात एकही ताणलेला फोटो मी तसा सोडलेला नाही.

"राहू दे आत्या," मी म्हटलं. "छान आलाय."